नवा एसएमपीएस घरी आला: खोकं उघडण्यापासून पहिल्यांदा सुरू करेपर्यंत

कॉम्प्युटरच्या दुकानात ‘पॉवर सप्लाय द्या’ म्हणालात तर दुकानदार क्षणभर तुमच्याकडे बघतो. ‘एसएमपीएस द्या’ म्हटलं की लगेच हात फळीकडे जातो. पुण्याच्या तापकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हाच शब्द चालतो, म्हणून मीही तोच वापरतोय. काम साधं आहे: भिंतीतल्या २३० व्होल्ट एसीचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी करून द्यायचे. पण मशीनमधला हा एकच भाग असा आहे की तो स्वतः जाताना बाकीच्यांनाही बरोबर घेऊन जाऊ शकतो.

गेल्या काही वर्षांत स्वतःसाठी आणि नात्यागोत्यात मिळून सात-आठ मशीन जोडली. त्यातलं एक मी स्वतःच्या हाताने जाळलं. ती कथा पुढे पाचव्या पायरीत आहे. विकत कुठला घ्यावा हा विषय इथे नाही. घेतलेला एसएमपीएस घरी आल्यावर खोकं फोडण्यापासून पहिल्यांदा बटण दाबेपर्यंतचा जो तास-दीड तास असतो, तेवढ्यापुरतंच लिहितोय. समोर आत्ता ६५० वॅटचा, ८० प्लस गोल्डचा, सगळ्या केबल सुट्या असलेला, म्हणजे फुल मॉड्युलर सप्लाय आहे असं समजा.

आधी हे जवळ घ्या

- जीएसटी बिल, छापील किंवा पीडीएफ. नाव आणि तारीख बरोबर आहे ना ते आत्ताच बघा.
- मोबाइल, चार्ज केलेला. व्हिडिओ काढायचाय.
- छोटं ब्लेड किंवा कटर.
- फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, शक्यतो टोकाला चुंबक असलेला.
- डिजिटल मल्टिमीटर. अगदी साधा चालेल, पण हवाच.
- एक पेपर क्लिप किंवा वायरचा इंचभर तुकडा.
- कॅबिनेट आणि मदरबोर्डबरोबर आलेली माहितीपत्रकं.

मल्टिमीटर टाळायचा मोह होतो, कारण ‘एकदाच तर लागणार’. मलाही तसंच वाटलं होतं.

१. सील तोडण्याआधी

मोबाइल कशाला तरी टेकवून उभा करा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. आधी खोक्याच्या सहाही बाजू दाखवा, मग सीलची चिकटपट्टी, मग सीरियल नंबरचं स्टिकर. कुरिअरमध्ये आदळलेला किंवा आधी कुणीतरी उघडून परत पाठवलेला माल तुमच्याकडे आला, तर बदलून मागताना हा व्हिडिओच कामी येतो. मध्ये रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करू नका. सलग नसलेल्या व्हिडिओवर शंका घ्यायला समोरच्याला निमित्तच मिळतं.

पावसाळ्यात आणखी एक पथ्य. आमच्या रत्नागिरीत जुलै महिन्यात कुरिअरचं खोकं हाताला ओलसर लागतं. अशा वेळी सप्लाय बाहेर काढून कोरड्या खोलीत पंख्याखाली रात्रभर ठेवतो. एसी खोलीतून दमट हवेत आणलेल्या वस्तूवरही पाणी धरतं. आत साडेतीनशे-चारशे व्होल्टपर्यंत चढणारा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग आहे. तिथे दव नको.

२. आत काय काय निघतं

फोमच्या दोन साच्यांमध्ये बसवलेला धातूचा डबा, केबलची पिशवी, भिंतीकडे जाणारी जाड पॉवर कॉर्ड, चार स्क्रू, मूठभर केबल टाय, एक पातळ पुस्तिका. काही कंपन्या सप्लाय मदरबोर्डशिवाय सुरू करून बघण्यासाठी २४ पिनांचं छोटं टोपण देतात. ते मिळालं तर जपून ठेवा, सातव्या पायरीत पेपर क्लिपचं काम तेच करेल.

डबा हातात घ्या आणि कानाजवळ हलकेच हलवा. आत काही खुळखुळलं तर तिथेच थांबा. सुटलेला स्क्रू आत फिरत असेल तर तो कशाला टेकेल याचा नेम नाही. जाळीतून बॅटरीचा उजेड टाकून बघा, पंखा बोटाने (किंवा पेन्सिलीने) हलकेच फिरवून बघा. तो कशाला घासता कामा नये.

झाकण मात्र कधीच उघडायचं नाही. स्क्रूवरचं ‘वॉरंटी’चं स्टिकर फाटलं की हमी गेली, पण त्याहून मोठं कारण म्हणजे तो कपॅसिटर. वायर भिंतीतून काढल्यावरही त्यात चार्ज उरू शकतो, आणि तो माणसाला फेकून देण्याइतका असतो. नव्या सप्लायमध्ये आतलं जे बघायचं ते जाळीतूनच बघा.

आता पॉवर कॉर्ड. भारतासाठी नसलेल्या मालात युरोपातला दोन गोल पिनांचा किंवा ब्रिटनचा तीन चौकोनी पिनांचा प्लग निघतो. लोक मग पन्नास रुपयांचा कन्व्हर्टर लावून मोकळे होतात. त्या कन्व्हर्टरमध्ये अर्थची पिन बहुतेकदा नावापुरती असते. त्यापेक्षा आयएसआय खुणेची, आपल्या तीन गोल पिनांची नवी कॉर्ड घ्या. सप्लायकडचं टोक जगभर सारखंच असतं, त्याला सी-१३ म्हणतात. जुन्या मॉनिटरची जाड कॉर्डही बसते. १२००-१६०० वॅटच्या काही राक्षसांना मात्र सी-१९ नावाचं मोठं टोक लागतं, ते वेगळं.

३. लेबल वाचायला पाच मिनिटं द्या

खोक्यावरचा मोठा आकडा विसरा. डब्याच्या अंगावर एक तक्ता छापलेला असतो, खरी गोष्ट तिथे असते. माझ्या हातातल्या ६५० वॅटच्या डब्यावर १२ व्होल्टच्या रकान्यात ५४ अँपिअर आहेत. १२ गुणिले ५४ म्हणजे ६४८ वॅट. म्हणजे जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर उपलब्ध आहे, आणि आजचे प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड १२ व्होल्टच खातात. ५ आणि ३.३ व्होल्ट मिळून शंभर-सव्वाशे वॅट असतात, ते डिस्क आणि यूएसबीला पुरतात.

बाजारात ‘४५० वॅट’ असं ठसठशीत लिहिलेले, कॅबिनेटबरोबर फुकट येणारे सप्लाय मिळतात. त्यांच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे कधी १६, कधी १८ अँपिअर दिसतात. १८ गुणिले १२, २१६ वॅट. बाकीचे वॅट स्टिकरवरच राहतात. हा गुणाकार एकदा करायला शिकलात की दुकानदार तुम्हाला ‘साहेब’ म्हणायला लागतो.

‘८० प्लस’ची खूण कार्यक्षमतेची आहे. ११५ व्होल्टवरच्या चाचणीत गोल्डला २० टक्के लोडवर ८७, अर्ध्या लोडवर ९० आणि पूर्ण लोडवर ८७ टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. ब्राँझला ८२, ८५, ८२. म्हणजे मशीनने ४०० वॅट घेतले तर गोल्डचा सप्लाय भिंतीतून साधारण ४४५ ओढेल आणि उरलेल्या ४५ वॅटची उष्णता करेल. ही खूण २००४ मध्ये सुरू झाली आणि तिचं भलं झालं, पण आतले भाग टिकाऊ आहेत का, शॉर्ट झाल्यावर सप्लाय वेळेत बंद होतो का, हे ती सांगत नाही. त्यासाठी हमीची वर्षं बघावीत. तीन वर्षांची हमी देणारा आणि दहा वर्षांची देणारा, दोघांनाही आपला माल ठाऊक असतो.

इनपुटच्या ओळीत ‘१००-२४०’ लिहिलेलं असेल तर कमी-जास्त होणाऱ्या विजेत हा सप्लाय स्वतःच सांभाळून घेतो, वेगळ्या स्टॅबिलायझरची गरज नाही. गावाकडे हा प्रश्न मला हमखास विचारतात. बीआयएसची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिसतोय का तेही बघा. शेवटी डब्यावरचा सीरियल नंबर खोक्यावरच्याशी जुळवा आणि फोटो काढा. सप्लाय कॅबिनेटमध्ये बसला की ते स्टिकर नेमकं भिंतीकडे जातं.

४. मागची बाजू

सॉकेटशेजारी एक बटण असतं. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. ‘नवीन मशीन सुरूच होत नाही’ असे मला आलेले निम्मे फोन या बटणाशी संपलेत. बसवताना ते गोलावर ठेवा, बसवून झाल्यावर रेघेवर.

जुन्या किंवा फार स्वस्त सप्लायवर याच बाजूला लहान लाल सरकस्विच असतो, त्यावर ११५ किंवा २३० दिसतं. तो २३० वरच हवा. ११५ वर राहिला आणि तुम्ही आपल्याकडच्या सॉकेटमध्ये लावलात तर दिवाळी लवकर येते. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून ओढला जाणारा प्रवाह सुरळीत ठेवणारी आतली यंत्रणा) असलेल्या सप्लायवर हा स्विच नसतो.

५. केबलची पिशवी

इथे सावकाश जाऊ. सगळ्या केबल टेबलावर पसरा आणि ओळखा:

- २४ पिन: सगळ्यात रुंद. मदरबोर्डला. टोकाला चार पिनांचा तुकडा सुटा निघू शकतो, जुन्या २० पिनांच्या बोर्डसाठी.
- सीपीयू, ४ अधिक ४: मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात. मधोमध उभी दुभंगते.
- पीसीआयई, ६ अधिक २: ग्राफिक्स कार्डला. सहाचा ठोकळा आणि शेजारी दोन पिनांचं लोंबतं शेपूट. ८ पिनांचा एक कनेक्टर नियमाने १५० वॅटपर्यंत देतो, ६ पिनांचा ७५.
- साटा: चपटा, इंग्रजी ‘एल’सारख्या खाचेचा. हार्ड डिस्क आणि एसएसडीला.
- मोलेक्स: चार जाड पिनांचा, आता फक्त पंखे आणि दिव्यांसाठी उरलेला.
- नव्या सप्लायमध्ये १६ पिनांची एक बारीक केबल असते. तिच्या नव्या रूपाला १२ व्होल्ट टू-बाय-सिक्स म्हणतात. एकटी ६०० वॅटपर्यंत वाहते.

सीपीयू आणि पीसीआयई, दोन्ही आठ-आठ पिनांच्या. नवशिक्याला सारख्याच दिसतात. पण एकीच्या ज्या बाजूला १२ व्होल्ट, त्याच बाजूला दुसरीत ग्राउंड असतं. खाचांचा आकार वेगळा आहे म्हणून चुकीची बसत नाही, पण जोर लावला तर बसूही शकते. टोकावर अक्षरं छापलेली असतात, ती वाचा. हात अडला तर केबल बदलून बघा, जोर वाढवू नका.

आता माझी कथा. चार वर्षांपूर्वी जुना मॉड्युलर सप्लाय आवाज करायला लागला म्हणून नवा आणला, दुसऱ्या कंपनीचा. जुन्याची साटा केबल मी कॅबिनेटच्या मागून अशी छान ओवून, टाय मारून बसवली होती की ती उपसायचं जिवावर आलं. फक्त डबा बदलला आणि जुन्या केबलचं टोक नव्या डब्याच्या सहा पिनांच्या खाचेत खोचलं. टक् करून बसलं. बटण दाबलं, आणि दोन सेकंदांत तो वास आला, जो एकदा आला की जन्मभर ओळखता येतो. जिथे ५ व्होल्ट जायला हवे होते तिथे १२ गेले. हार्ड डिस्कमध्ये आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो होते. पुण्याच्या मावसभावाच्या मोबाइलमध्ये त्यातले थोडे होते म्हणून तो दिवस अगदीच पुसला गेला नाही.

चूक समजावी म्हणून थोडं खोलात सांगतो. केबलचं जे टोक मदरबोर्डला किंवा डिस्कला लागतं, त्याचं प्रमाण ठरलेलं आहे, जगातली कुठलीही साटा केबल कुठल्याही डिस्कला बसते. जे टोक सप्लायला लागतं त्याचं असं प्रमाण नाही. कुठल्या पिनेवर १२ व्होल्ट, कुठल्यावर ५, हे ज्याचं तो ठरवतो. प्लास्टिकचा साचा मात्र बरेचजण एकच वापरतात, म्हणून परकी केबल निमूटपणे बसते. कंपनी एकच असली तरी गृहीत धरू नका. कोरसेअरच्या टाइप ३ आणि टाइप ४ केबलमध्ये २४ पिनांची केबल एकमेकींत चालत नाही, आणि कोणती कुठे चालते याचा तक्ता कंपनीने स्वतः दिलेला आहे.

तेव्हा डबा बदलायचा तर सगळ्या केबल बदलायच्या. पिशवीवर सप्लायचं मॉडेल मार्करने लिहा आणि न लागलेल्या केबल त्याच पिशवीत परत घाला. जुन्या सप्लायच्या केबल त्याच्याबरोबरच बांधून ठेवा, ‘कधीतरी लागतील’ म्हणून खणात सुट्या टाकू नका. वेगळ्या मिळणाऱ्या रंगीत, विणलेल्या केबल घ्यायच्याच असतील तर ज्या मूळ केबलला पुढे जोडल्या जातात त्या, म्हणजे एक्स्टेंशन घ्या. त्यांची दोन्ही टोकं प्रमाणातली असतात.

६. सॉकेट आणि अर्थिंग

चाचणी करण्याआधी भिंतीकडे वळू, कारण आपल्याकडे हा भाग लोक साफ विसरतात.

नेहमीचा ६ अँपिअरचा सॉकेट पुरतो का? ६५० वॅटचा सप्लाय पूर्ण ताणला तरी भिंतीतून साधारण ७२०-७५० वॅट ओढेल, म्हणजे सव्वातीन अँपिअर. पुरतो. पण त्याच एक्स्टेंशन बोर्डवर इस्त्री किंवा गिझर नको.

खरा प्रश्न तिसऱ्या पिनेचा. जुन्या घरांत आणि वाड्यांत सॉकेटला तीन भोकं असतात, वरच्या मोठ्या भोकामागे मात्र वायरच नसते. अशा ठिकाणी मशीन चालतं, सगळं छान वाटतं, आणि अनवाणी पायाने कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर मंद पेटतो. लोक म्हणतात एसएमपीएस खराब. तो खराब नसतो. सप्लायच्या तोंडाशी विजेतला कचरा गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला, एक न्यूट्रलपासून बॉडीला. बॉडी अर्थला जोडलेली असेल तर ती गळती गुपचूप जमिनीत जाते. नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये, सव्वाशेच्या अलीकडे, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी बारीक, मिलीअँपिअरच्याही आतला, म्हणून फक्त झिणझिण्या. पण उद्या आत खरोखर फेज बॉडीला टेकली तर तिला वाट फक्त तुमच्या अंगातून.

वायरमनला बोलावून सॉकेट मोजून घ्या. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे, २३० च्या आसपास यायला हवेत. न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट. काही वायरमन सोपी युक्ती सुचवतात, सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून एक तार अर्थच्या पिनेला जोडायची. झिणझिण्या खरंच थांबतात. पण पुढे कधी न्यूट्रल तुटली किंवा फेज-न्यूट्रल उलटसुलट झाली तर तुमचं अख्खं कॅबिनेट फेज होईल. असलं काम करू देऊ नका, पैसे जास्त लागले तरी खड्डा काढून वेगळी अर्थिंग करून घ्या. आमच्या घरी हे काम अर्ध्या दिवसात झालं, आणि बाबांची वॉशिंग मशीनबद्दलची वीस वर्षांची तक्रारही त्यातच मिटली.

यूपीएस असेल तर त्यावरचा व्हीए हा आकडा वॅट समजू नका. ६०० व्हीएचे घरगुती यूपीएस बहुतेकदा ३६० वॅटचेच असतात.

७. कॅबिनेटबाहेरची पहिली चाचणी

काही लोक ही पायरी सोडून थेट बसवतात. पन्नास हजारांचं सामान पहिल्याच झटक्यात अनोळखी डब्याला जोडायचं नसेल, तर करा.

सप्लाय लाकडी टेबलावर ठेवा, पंखा वर. २४ पिनांची आणि एक मोलेक्स केबल लावा, दुसऱ्या टोकाला काहीही जोडू नका. मागचं बटण गोलावर ठेवून कॉर्ड लावा, मग बटण रेघेवर. पंखा फिरणार नाही, काहीच होणार नाही. हे बरोबर आहे. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी दांडी काळ्या वायरच्या पिनेत, लाल दांडी जांभळ्या वायरच्या पिनेत. ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. हा झोपेतला पुरवठा, मशीन बंद असतानाही तो जागा असतो.

आता बटण पुन्हा गोलावर. पेपर क्लिप वाकवून २४ पिनांच्या टोकात हिरव्या वायरच्या पिनेपासून शेजारच्या काळ्या पिनेपर्यंत बसवा. हिरवी म्हणजे १६ क्रमांकाची पिन, ती ग्राउंडला टेकली की सप्लाय उठतो. हल्ली सगळ्या वायर काळ्याच येतात. तेव्हा अंदाजाने मोजू नका, पुस्तिकेतली आकृती समोर ठेवून १६ आणि १७ शोधा. टोपण मिळालं असेल तर तेच लावा. क्लिप नीट बसली की मगच बटण रेघेवर.

बहुतेक सप्लायमध्ये आता टक् असा आवाज येतो. तो आतल्या रिलेचा, घाबरू नका. पंखा अर्धा फेरा फिरून थांबला तरीही घाबरू नका. कमी लोडवर पंखा बंद ठेवणारे मॉडेल आता पुष्कळ आहेत, खोक्यावर ‘झिरो आरपीएम’ किंवा ‘हायब्रिड’ असं लिहिलेलं असतं. मल्टिमीटर खोटं बोलत नाही, त्याला विचारा. मोलेक्सवर पिवळ्या वायरला १२ व्होल्ट, लाल वायरला ५. मधल्या दोन्ही काळ्या. चालणारी मर्यादा पाच टक्क्यांची: १२ साठी ११.४ ते १२.६, ५ साठी ४.७५ ते ५.२५. २४ पिनांच्या टोकातल्या नारिंगी वायरवर ३.१४ ते ३.४७. लोड नसताना मोजलंय, म्हणजे ही परीक्षा तोंडी आहे, लेखी अजून बाकी. पण इथेच आकडा बाहेर असेल तर पुढे जाऊच नका, खोक्यात घाला आणि परत करा.

जळका वास आला, ठिणगी दिसली किंवा धूर आला तर आधी भिंतीचं बटण बंद करा. नव्या प्लास्टिकचा, वार्निशसारखा हलका वास पहिले एक-दोन दिवस येतो, त्याचं काही नाही.

८. कॅबिनेटमध्ये बसवणं

बटण गोलावर, कॉर्ड काढलेली. नेहमीच्या एटीएक्स डब्याची रुंदी १५० आणि उंची ८६ मिलिमीटर ठरलेली आहे, लांबी १४० पासून १८० पर्यंत काहीही असते, आणि केबलची टोकं त्यापुढे आणखी तीन-चार सेंटिमीटर खातात. लहान कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो. म्हणून केबल आधी डब्याला लावा, मग डबा आत सरकवा.

पंखा कुठल्या दिशेला? कॅबिनेटच्या तळाला जाळी आणि खाली पाय असतील तर पंखा खाली. तळ बंद असेल किंवा मशीन सतरंजीवर ठेवणार असाल तर पंखा वर. सतरंजीवर ठेवूच नका, खरं तर. तळाच्या जाळीवर दोन महिन्यांत केसांची आणि धुळीची गोधडी तयार होते. चारही स्क्रू आधी हातानेच दोन-तीन आटे फिरवा, मग एकमेकांसमोरचे असे आवळा. मागे उघडी फट राहिली असेल तर पट्टी लावा. कोकणात हे मी गंमत म्हणून सांगत नाही. एका मशीनच्या कॅबिनेटमधून मी वाळलेली पाल काढली आहे, आणि त्या मशीनची तक्रार ‘अधूनमधून आपोआप बंद होतं’ अशी होती.

२४ पिनांचं टोक मदरबोर्डवर बसवताना भरपूर जोर लागतो, बोर्ड किंचित वाकतो, नवशिक्या तिथेच थांबतो आणि टोक अर्धवट राहतं. बोर्डाच्या कडेला दुसऱ्या हाताचा आधार द्या आणि खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत दाबा. १६ पिनांच्या केबलला तर याहून जास्त सांभाळा. २०२२ च्या शेवटी आरटीएक्स ४०९० कार्डांचे हे कनेक्टर वितळल्याचे फोटो जगभर फिरले, आणि पूर्ण न बसलेलं टोक हे त्याचं एक कारण म्हणून पुढे आलं. नव्या रचनेत आखूड केलेल्या खुणेच्या पिना त्यासाठीच आहेत, टोक पूर्ण बसल्याशिवाय त्या जुळत नाहीत. टोक आत गेलं की नाही ते उजेडात, कडेने बघा, फट दिसता कामा नये. आणि टोकापासून पुढचे साडेतीन सेंटिमीटर केबल सरळ ठेवून मगच वळवा.

९. पहिल्यांदा बटण दाबताना

हार्ड डिस्क आणि एसएसडीच्या साटा पॉवर केबल पहिल्या वेळी लावू नका. प्रोसेसर, एक रॅम, मदरबोर्ड, लागत असेल तर ग्राफिक्स कार्ड, बस. मशीन उठून बायोसची, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगची स्क्रीन आली की हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर १२, ५ आणि ३.३ चे आकडे बघा. ते मल्टिमीटरइतके नेमके नसतात, पण दिशा कळते. दहा मिनिटं तसंच चालू द्या. मग बंद करून डिस्क जोडा. आजीच्या फोटोंनंतर मी साटाच्या रिकाम्या टोकावरही आधी मल्टिमीटर लावतो. पिना बारीक आहेत, दांडीचं टोक सावकाश टेकवावं लागतं.

काहीच झालं नाही तर या क्रमाने शोधा: मागचं बटण, भिंतीचं बटण, सीपीयूची केबल (ही सगळ्यात जास्त विसरली जाते), २४ पिनांचं टोक, मग कॅबिनेटच्या पॉवर बटणाची दोन पिनांची बारीक वायर. पंखे क्षणभर फिरून थांबले आणि पुन्हा बटणाला दाद मिळत नसेल, तर बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे आणि सप्लायने स्वतःला बंद केलंय. कॉर्ड काढून मिनिटभर थांबल्याशिवाय तो पुन्हा उठणार नाही. सारखं बटण दाबत बसू नका, मदरबोर्डखाली राहिलेला एखादा जास्तीचा पितळी स्टँड शोधा.

गेम लावल्यावर बारीक चीं चीं आवाज आला तर तो कॉइलचा. त्रासदायक असतो, धोक्याचा नसतो, आणि पुष्कळदा तो सप्लायमधून येतच नाही, ग्राफिक्स कार्डातून येतो. कागदाची सुरळी कानाला लावून जागा शोधता येते.

१०. खोक्याचं काय करायचं

माळ्यावर टाका, फोमसकट. परत करण्याची मुदत संपेपर्यंत तर नक्कीच, शक्य असेल तर हमी संपेपर्यंत. बिलाचा फोटो, सीरियल नंबरचा फोटो आणि व्हिडिओ एकाच फोल्डरमध्ये ठेवून ते स्वतःलाच मेल करा. थर्मल कागदावर छापलेलं बिल असेल तर झेरॉक्स आजच काढा, वर्षभरात त्यावरची अक्षरं उडतात. कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदणी मागत असतील तर तीही करून टाका.

न लागलेल्या केबलची पिशवी मी खोक्यातच ठेवतो आणि खोक्यावर मशीन कुणाचं ते लिहितो. आमच्या माळ्यावर आता अशी पाच खोकी आहेत, आणि दर दिवाळीच्या साफसफाईला आई त्यांच्याकडे बोट दाखवते.